स्त्रियांच्या आठवणी आणि विद्यापीठांचे सेवाकार्य

आपल्या मंडळाला यंदा ५० वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी इतिहासाविषयी काही लिहून द्यावे, असे संपादक-भगिनींनी मला सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात लढाया, तह आणि सनावळ्या भरपूर होत्या. स्त्रिया मात्र बोटांवर मोजण्याइतक्या. जिजाबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी, सावित्रीबाई, एवढी नावे घेतली की संपले. बाकीच्या बायका त्या काळात काय करीत होत्या, हा प्रश्न परीक्षेत कधी आला नाही. म्हणून तो आमच्या मनातही आला नाही.

हा प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत निरनिराळ्या विद्यापीठांतील मुलींनी आणि त्यांच्या बाईंनी विचारला. त्या वर्गाबाहेर पडल्या, वस्तीत गेल्या, म्हाताऱ्या बायकांजवळ बसल्या आणि त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. नुसती समाजसेवा नव्हे आणि नुसता अभ्यासही नव्हे, दोन्ही एकत्र. याला परदेशात सेवेतून शिक्षण असे नाव आहे. या कामाची हकिगत आपल्या मंडळातील भगिनींना व शेजारणींना ठाऊक असावी, म्हणून हा लेखनप्रपंच. शेवटी त्याचा आपल्या मंडळाशीही संबंध येतो, तो ओघाने सांगेनच.

विसरणे आपोआप होत नाही

प्रथम एक गोष्ट सांगते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' नावाचे पुस्तक छापले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेला भ्रूणहत्येच्या गुन्ह्यासाठी १८८१ साली शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले गेले. ताराबाईंना त्याचा संताप आला. जे दोष तुम्ही बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांनी रोखठोक सवाल केला. जोतीराव फुले यांनी ताराबाईंची बाजू उचलून धरली. परंतु बहुतेकांनी नाके मुरडली. ताराबाईंनी पुन्हा पुस्तक लिहिले नाही आणि हळूहळू ते पुस्तकही लोकांच्या नजरेआड झाले. प्राध्यापक स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापले. मध्ये ९३ वर्षे गेली. आपल्या आज्या आणि पणज्या त्या ९३ वर्षांत जन्मल्या, नांदल्या आणि गेल्या. पण आपल्याच बाजूने कोणी एवढे स्पष्ट बोलून गेली आहे, हे त्यांना कळलेच नाही.

दुसरे उदाहरण मुक्ता साळवे हिचे. ही फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातील मुलगी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. त्यानंतर कितीतरी वर्षे शाळांतून तिचे नावही कोणी सांगितले नाही.

यावरून एवढे कळते की, माणूस म्हातारपणी विसरतो तसा समाज विसरत नाही. समाज जे जपतो ते टिकते आणि जे जपण्याजोगे नाही असे मानतो ते जाते. कपाटात काय ठेवायचे आणि रद्दीत काय घालायचे, हे ज्याच्या हाती असते, त्याच्या मनाप्रमाणे इतिहास होतो.

लिहिणाऱ्या आणि न लिहिणाऱ्या

आपल्या मराठीचे एक भाग्य असे की, स्वतःची हकिगत लिहिणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे पुष्कळ झाल्या. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागांनी निघाली. महर्षी कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई यांचे 'माझे पुराण' १९४४ सालचे. फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' तर मला फार जवळचे वाटते. त्या किराणा मालाचे छोटे दुकान चालवीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायचे आणि घरच्यांना दिसू नये म्हणून कागद लपवून ठेवायचे, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. पुढे ते लिखाण 'स्त्री' मासिकातून छापले गेले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले.

परंतु ज्यांना लिहिताच येत नव्हते, त्यांचे काय? ज्यांना येत होते, पण चूल, मुले आणि शेत यांतून हातात टाक धरायला सवड नव्हती, त्यांचे काय? त्यांच्याजवळ कोणीतरी बसून ऐकले आणि उतरवून घेतले, तरच त्यांचे शब्द उरणार. हे काम घरातल्या माणसांकडून सहसा होत नाही. घरात आपण म्हणतो, "आजीचे तेच ते पुराण पुन्हा सुरू झाले." त्या पुराणाला मोल आहे, हे बाहेरून आलेल्या मुलीला आधी दिसते.

विद्यापीठाची दारे उघडली

महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाचे एक माहितीपत्रक त्यांच्या हाती आले आणि त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली. पुढे त्याला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. या विद्यापीठाने हजारो मुली शिकविल्या. पण मुली काय शिकत होत्या? बराच काळ, पुरुषांनी लिहिलेलेच शिकत होत्या.

सेवेचे म्हणाल तर, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आरंभी ३७ विद्यापीठे आणि ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. मुले खेड्यात जाऊन शिबिर करीत, रस्ता नीट करीत, झाडे लावीत. हे चांगलेच काम. पण खेड्यातल्या बायांकडून आपल्याला काही शिकायचे आहे, अशी भावना त्यात कमी होती. शिकलेल्याने द्यायचे आणि अडाण्याने घ्यायचे, असा एकंदर रोख.

तो बदलण्याचे निमित्त १९७४ साली मिळाले. भारतातील स्त्रियांची स्थिती पाहण्यासाठी सरकारने श्रीमती फूलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. 'समानतेकडे' या अर्थाच्या नावाचा तिचा अहवाल त्या वर्षी पुरा झाला. स्वातंत्र्यानंतर स्त्रियांचे सारे आपोआप सुधारत आहे, असे लोक समजत होते. अहवालाने आकडे मांडून दाखविले की, दर हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या घटत चालली आहे. शिकलेल्या लोकांना हा मोठाच धक्का होता. त्याच वर्षी ठाकरसी विद्यापीठात डॉ. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्रियांविषयी संशोधन करणारे केंद्र निघाले. एप्रिल १९८१ मध्ये स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात मुंबईला भरली. पुणे विद्यापीठात १९८७ साली असेच केंद्र सुरू झाले. त्याला आज क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. तेथे प्राध्यापक शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने अभ्यासक्रमात आणली आणि २००६ साली त्यांवर मोठा ग्रंथ लिहिला.

नीरा देसाई, मैत्रेयी कृष्णराज आणि तमिळ लेखिका सी. एस. लक्ष्मी या तिघींनी १९८८ साली मुंबईत 'स्पॅरो' ही संस्था काढली. स्पॅरो म्हणजे चिमणी. चिमणी जशी काडी काडी जमवून घरटे करते, तसे येथे स्त्रियांची छायाचित्रे, ध्वनिफिती, पत्रे, भित्तिपत्रके जमविली जातात. महाविद्यालयातील मुलींना बोलावून त्यांच्यासमोर एखाद्या ज्येष्ठ बाईने आपले आयुष्य सांगायचे आणि ते जपून ठेवायचे, असेही कार्यक्रम तेथे झाले.

आम्हीही इतिहास घडवला

हे काम विद्यापीठातच होते असे मात्र नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी नोकरी-संसार सांभाळणाऱ्या स्त्रिया. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चळवळीत ज्या बायांनी भाग घेतला, त्यांना शोधीत त्या गावोगाव हिंडल्या. त्यातून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ साली निघाले. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, नाशिकला १९३० साली काळाराम मंदिराचा झाला, हे आपण वाचलेले असते. पण त्यात कोण बाया होत्या, त्यांनी पोरे कोणाजवळ ठेवली, भाकरी कोणी बांधून दिली, घरी परतल्यावर सासूने काय म्हटले, हे कोणी विचारले नव्हते. नागपूरला २० जुलै १९४२ रोजी दलित महिलांची परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो बाया जमल्या होत्या. अशा सभांना गेलेल्या कितीतरी जणी अजून हयात होत्या, पण त्यांना 'तुम्ही काय पाहिले' असे विचारायला कोणी गेले नव्हते. या दोघी गेल्या, म्हणून ते राहिले. आज हे पुस्तक विद्यापीठांतून शिकविले जाते. म्हणजे येथे घरच्या बायकांनी विद्यापीठाला शिकविले!

तेलंगणातही असेच घडले. तेथे १९४६ ते १९५१ या काळात जमीनदार आणि निजाम यांच्या जुलमाविरुद्ध शेतकऱ्यांनी लढा दिला. हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेतील प्राध्यापिका व कार्यकर्त्या त्या लढ्यातील स्त्रियांना तीस-पस्तीस वर्षांनी भेटल्या. त्यांचे तेलुगू पुस्तक १९८६ साली आणि इंग्रजी १९८९ साली निघाले. त्यात चित्याल ऐलम्मा या परीट समाजातील बाईची कहाणी आहे. आपले शेत आणि पीक जमीनदाराच्या माणसांनी उचलून नेऊ नये, म्हणून ती उभी ठाकली होती. तिला अक्षरओळख नव्हती. १९८५ साली ती वारली. आणि २०२४ साली तेलंगण सरकारने हैदराबादच्या कोठी भागातील महिला विद्यापीठाला तिचेच नाव देण्याचे जाहीर केले. जिने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिच्या नावाचे विद्यापीठ! कोणी तिच्याजवळ बसून ऐकले नसते, तर हे घडले असते काय?

परदेशातील एक हकिगत

सेवेतून शिक्षण हा शब्द अमेरिकेत १९६६-६७ च्या सुमारास रूढ झाला. विद्यार्थ्याने लोकांच्या उपयोगाचे काम करावे, त्याबद्दल त्याला गुण मिळावेत आणि कामातून जे शिकला त्यावर त्याने विचार करावा, अशी ती पद्धत.

अमेरिकेत बफेलो नावाचे कारखान्यांचे शहर आहे. तेथील विद्यापीठात एलिझाबेथ केनेडी या स्त्री-अभ्यास शिकवीत. त्यांच्या एका विद्यार्थिनीने अभ्यासक्रमासाठी शहरातील काही वयस्क स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. या स्त्रिया पुरुषाशी संसार न करता स्त्रीबरोबर आयुष्य काढणाऱ्या होत्या. त्यातून १९७८ साली मौखिक इतिहासाचे मोठे काम उभे राहिले. केनेडी यांच्या जोडीला मॅडेलिन डेव्हिस या ग्रंथपालबाई होत्या. चाळीसहून अधिक स्त्रियांच्या आठवणी नोंदवून त्यांचे पुस्तक निघायला १९९३ साल उजाडले. म्हणजे पंधरा वर्षे! सांगणाऱ्या स्त्रियांची खरी नावे पुस्तकात दिली नाहीत. कारण नाव फुटले तर नोकरी जाईल, नातेवाईक तोडतील, ही भीती खरी होती.

त्या आठवणींतून काय कळले? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा कारखान्यांत बायकांना काम मिळाले. हाती पगार आला. संध्याकाळी चार मैत्रिणींनी एकत्र बसण्याची जागा त्यांनी शोधली. पोलीस त्रास देत, रस्त्यातली माणसे मारहाण करीत, तरी त्यांनी आपले एकत्र येणे सोडले नाही. पुढे १९६९ साली न्यूयॉर्कमध्ये अशा लोकांनी पोलिसांना उघड विरोध केला आणि चळवळ सुरू झाली असे जग मानते. त्याच्या आधी वीस-तीस वर्षे, कामगार बायकांनी त्याचा पाया घातला होता, हे या आठवणींनी सिद्ध केले.

न्यूयॉर्कमध्येच १९७४ साली अशा स्त्रियांनी स्वतःचे एक संग्रहालय सुरू केले. त्याची सुरुवात जोन नेसल नावाच्या लेखिकेच्या घरी, स्वयंपाकघराजवळच्या कोठीत झाली. आपण जेथे डाळ-तांदूळ आणि लोणच्याच्या बरण्या ठेवतो, तेथे त्यांनी पत्रे, रोजनिशा आणि छायाचित्रे ठेवली. पंधराहून अधिक वर्षे तो संग्रह त्या घरात राहिला. नंतर वर्गणी जमवून त्यांनी एक घर विकत घेतले आणि १९९३ साली संग्रह तेथे गेला.

या संग्रहात मेबल हॅम्पटन नावाच्या बाईच्या ध्वनिफिती आहेत. ही काळ्या वर्णाची बाई १९०२ साली जन्मली. तरुणपणी ती नाचकाम करी; पुढे आयुष्यभर तिने लोकांच्या घरची कामे केली. नेसल यांच्या घरीही ती कामाला होती. लिलियन फॉस्टर या मैत्रिणीबरोबर ती १९३२ पासून १९७८ पर्यंत, म्हणजे लिलियनच्या मरणापर्यंत राहिली. सेहेचाळीस वर्षांचा तो संसारच म्हणावयाचा. ज्या घरात ती धुणी-भांडी करी, त्या घरातील मुलीने मोठेपणी तिच्यासमोर बसून तिची कहाणी नोंदवून घेतली. १९८९ साली मेबल वारली. तिचा आवाज मात्र आहे.

या संग्रहाच्या चालक स्त्रियांनी एक नियम केला होता, तो आपणही लक्षात ठेवण्याजोगा आहे. संग्रह कोणत्याही विद्यापीठाला द्यायचा नाही. विद्यापीठाच्या दारात ओळखपत्र मागतात. ज्या बाईने आठवण दिली, तिलाच उद्या आत येऊ देणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. मग विद्यापीठाचा उपयोग काय? तर २०१० नंतरच्या वर्षांत तेथील एका संस्थेच्या ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्या जुन्या फिती संगणकात उतरवून दिल्या. मेबलच्या फिती त्यात होत्या आणि बफेलोच्या मुलाखतीही होत्या. फिती मालकिणींच्याच राहिल्या, मुलांना विद्या मिळाली आणि विरत चाललेले आवाज वाचले. सेवा कशी करावी, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडले नाही.

आपल्याकडे असे काही नव्हते काय?

येथे काही भगिनी म्हणतील, "हे विषय परदेशातले; आपल्या स्मरणिकेत कशाला?" त्यांचा आदर ठेवून मला एवढेच सांगायचे आहे की, अशी माणसे आपल्यातही होती आणि आहेत, आपण त्यांची आठवण ठेवली नाही, इतकेच. आजकाल मुले अशांना 'क्वीअर' असे म्हणतात. समलिंगी, तृतीयपंथी आणि लोकांनी आखलेल्या चौकटीत न बसणारी सर्व माणसे त्यात येतात.

हिजड्यांचे उदाहरण घ्या. बारशाला आणि लग्नाला आपण त्यांचा आशीर्वाद घेतो. पण त्यांची लेखी नोंद कोणी ठेवली? इंग्रज सरकारच्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात त्यांची नोंदवही ठेवण्याचे कलम होते. म्हणजे त्यांचा जुना लेखी इतिहास शोधायला जावे, तर तो पोलिसांच्या दप्तरात सापडणार! त्यांच्या स्वतःच्या तोंडचे शब्द छापून यायला किती काळ जावा लागला? लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी' हे पुस्तक मराठीत २०१२ साली आले. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी नागरिकांची ओळख मान्य केली ती १५ एप्रिल २०१४ रोजी.

समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारे ३७७ वे कलम इंग्रजांनी १८६० साली घातले. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, संमतीने राहणाऱ्या सज्ञान माणसांना ते लागू नाही, असा निकाल दिला. दीडशेहून अधिक वर्षे जी गोष्ट गुन्हा होती, तिची रोजनिशी कोण लिहील? पत्रे कोण जपेल? लोकांनी पत्रे जाळली, फोटो फाडले. म्हणून त्यांचा इतिहास सापडत नाही. मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली आले. त्यात स्त्रीवर प्रेम करणारी महाविद्यालयीन मुलगी आहे. नाटकात का होईना, ती बोलली. बंगळूरला अशा लोकांची कागदपत्रे, चित्रफिती आणि खटल्यांची दप्तरे जपणारा 'कमरा' नावाचा संग्रह आहे. २०१७ साली तो सुरू झाला आणि आता तेथील राष्ट्रीय विधी विद्यापीठात आहे. कायदा शिकणारी मुले तेथे काम करतात.

आपल्या ओळखीतही लग्न न केलेली एखादी मास्तरीणबाई आणि तिच्याजवळ जन्मभर राहिलेली मैत्रीण असते. त्यांच्यात काय नाते होते, हे आपल्याला ठाऊक नाही आणि त्यांच्यामागे आपण त्यावर नाव चिकटवू नये. ज्या हयात आहेत त्यांना सांगावेसे वाटले तर ऐकावे, नको असेल तर दार ठोठावू नये. पण एकीच्या निधनाच्या वेळी दुसरीला नातेवाइकांच्या गर्दीत मागे उभे केले जाते, आणि घरातला सामान वाटून घेताना तिला कोणी विचारत नाही, हे आपण पाहिलेले असते. जिची आठवण कोणी ठेवत नाही, तिचा हक्कही कोणी मानत नाही. म्हणून आठवणींचा प्रश्न हा नुसता पुस्तकी प्रश्न नव्हे.

आपले मंडळ आणि या मुली

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येते. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे महाराष्ट्रातील महाविद्यालयांत समाजात जाऊन करावयाच्या कामाला गुण ठेवले आहेत. त्यासाठी गेल्या वर्षी काही मुली आपल्या मंडळात आल्या. जुनी इतिवृत्ते पाहू द्या आणि ज्येष्ठ सभासदांशी बोलू द्या, एवढीच त्यांची मागणी. त्यावर आपल्या बैठकीत बराच वाद झाला, तो सर्वांना आठवतच असेल.

विरोध करणाऱ्या भगिनींचे म्हणणे चुकीचे नव्हते. पूर्वी एका महाविद्यालयाची मुले अशीच आली होती. मंडळाच्या जुन्या सहलीचे आणि हळदीकुंकवाचे फोटो त्यांनी पाहण्यासाठी नेले. ते परत आले नाहीत. त्यांना गुण मिळाले असतील. आपला अल्बम रिकामा राहिला. आपल्या एक वयोवृद्ध सभासद त्या बैठकीत म्हणाल्या, "आमची दुःखे ह्यांच्या वहीत जाणार आणि वही ह्यांच्या कपाटात. आम्हाला काय?" हा प्रश्न न्यूयॉर्कच्या त्या बायकांनी विचारला होता तोच आहे, हे मला पुढे वाचनालयात वाचताना उमगले.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मंडळ १९७५ साली स्थापन झाले. ज्यांनी पहिली वर्गणी गोळा केली, त्यांपैकी तिघी आता या जगात नाहीत. मुंबईत १९७२ साली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांची नावे सर्वांना माहीत आहेत. त्या मोर्चात लाटणे घेऊन चालणाऱ्या आपल्या एक सभासद अजून आहेत. त्यांना आता ऐकू कमी येते, पण त्या दिवसाची हकिगत सांगू लागल्या की सन, वार, घोषणा, सारे तोंडपाठ. आपल्या इतिवृत्तात मात्र 'महागाईविषयी चर्चा झाली. चहापानानंतर सभा संपली,' अशा एका ओळीपलीकडे काही नाही. भिशीच्या पैशातून कोणाच्या मुलीची फी भरली, नवऱ्याने हाकलून दिलेल्या कोणत्या बाईला सभासदांनी आळीपाळीने घरी ठेवून घेतले, हे इतिवृत्तात लिहिलेच नाही. लिहू नये असेच तेव्हा ठरले असेल. ते केवळ आठवणीत आहे. आणि ज्यांच्या आठवणीत आहे, त्या सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

तेव्हा मुलींना परत पाठवावे, हे मला पटत नाही; आणि त्या मागतील ते उचलून द्यावे, हेही पटत नाही. माझ्या अल्पबुद्धीला सुचलेले काही नियम कार्यकारिणीपुढे नम्रपणे ठेवते.

पहिला, मूळ कागद किंवा फोटो मंडळाबाहेर जाऊ नये. मुलींनी येथेच बसून मोबाईलवर त्याची नक्कल घ्यावी आणि एक संच आपल्यालाही करून द्यावा.

दुसरा, मुलाखत देणाऱ्या भगिनीला आधी सारे समजावून सांगावे. तिने हो म्हटल्यावरच बोलणे नोंदवावे. नंतर एखादा भाग गाळावा असे तिला वाटले, तर तो गाळावा. नाव नको असेल तर नाव घालू नये.

तिसरा, घरच्या भांडणाची किंवा कोणाच्या खाजगी नात्याची गोष्ट असेल, तर त्यातील दुसऱ्या माणसाचाही विचार करावा. काही आठवणी पाकिटात बंद करून, सांगणारीच्या हयातीनंतर उघडाव्यात अशी अट घालता येते. मोठ्या संग्रहांत असे करतात.

चौथा, लेख किंवा प्रकल्प पुरा झाला की मुलींनी तो मंडळात येऊन मराठीत वाचून दाखवावा. ज्यांची कहाणी, त्यांना ती ऐकायला मिळालीच पाहिजे. त्या म्हणतील की हे असे नव्हते, तर ते सुधारावे.

पाचवा आणि महत्त्वाचा, मुलाखतीसाठी ठराविक चार बोलक्या भगिनींचीच नावे देऊ नयेत. ज्या सभेत मागच्या सतरंजीवर बसतात, ज्या विधवा आहेत, ज्या एकट्या राहतात, ज्या आपल्याकडे कामाला येतात, त्यांनाही विचारावे. नाही तर उद्याच्या इतिहासातही पुन्हा बोटांवर मोजण्याइतकीच नावे राहतील आणि या वेळी दोष पुरुषांना देता येणार नाही.

या मुली आपल्याकडून शिकतील, तसे आपणही त्यांच्याकडून शिकू. नुसती तारीख न विचारता, "त्या दिवशी तुम्ही काय नेसला होता, कोणाबरोबर गेलात, घरी कोण होते," असे विचारले की विसरलेले कसे आठवू लागते, ते त्यांच्या शिक्षिकेने आम्हाला दाखविले. मी स्वतः माझ्या सासूबाईंना अशाच रीतीने विचारते आणि शंभर पानी वहीत लिहून ठेवते. आतापर्यंत दोन वह्या भरल्या. त्यांच्या माहेरच्या विहिरीवर कोण पाणी भरू शकत असे आणि कोण नाही, हे त्यांनी मला पंचवीस वर्षांत कधी सांगितले नव्हते. कारण मी विचारले नव्हते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने कार्यकारिणीने मंडळाच्या कपाटाचा एक खण आठवणींसाठी मोकळा करावा, अशी माझी विनंती आहे. त्याला फार खर्च येणार नाही. एक कुलूप, थोड्या डांबरगोळ्या, काही वह्या आणि दर महिन्याच्या सभेत अर्धा तास, एवढे पुरे. मोर्चातल्या आपल्या आजींपासून सुरुवात करावी, आणि ती पुढच्या सभेलाच करावी. त्या सभेची तारीख मंडळाच्या फलकावर लागेल. ज्यांच्याकडे जुनी पत्रे, फोटो किंवा पावत्या असतील, त्यांनी रद्दीत घालण्यापूर्वी एकवार मंडळात आणून दाखवाव्यात. मंडळाच्या सर्व सभासदांना व शेजारणींना वर्धापनदिनाच्या हार्दिक शुभेच्छा.